साडूंचा पिवळा दिवा

तर खुंट्या मारून झाल्या तेव्हा आमच्या घरात कपड्यांपेक्षा खुंट्या जास्त झाल्या होत्या, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. बायकोनं साडूंकडं मागितली होती एक खुंटी, माझी छत्री अडकवायला. ती बाजारातून परत येईपर्यंत साडूंनी दारापासून मोरीपर्यंत एका ओळीत खुंट्या ठोकल्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करायला घेतल्या होत्या. बायकोनं छत्री पहिल्या खुंटीला अडकवली आणि उरलेल्या खुंट्यांकडं बघत बराच वेळ उभी राहिली. अजूनही पाहुणे आले की विचारतात, तुमच्याकडं पूर्वी शाळा भरायची का.

अर्धवट काम साडूंच्या स्वभावात नव्हतं, आणि पुरेसं कामही नव्हतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. लोखंडी कपाटांच्या कारखान्यात बिजागऱ्या करायचे. प्रेसवर पत्र्याची पट्टी सरकवायची, पायानं दाबायचं, ठक् झालं की एक पाकळी खाली पडायची. दोन पाकळ्यांत खिळा घातला की झाली बिजागरी. तरुणपणी लागले ते केस पांढरे झाले तरी त्याच प्रेसवर, त्याच स्टुलावर. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणायचे. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान बरोबर कारखान्याच्या फाटकासमोर, त्यामुळं प्रेसचा ठोका मला दुकानात ऐकू यायचा. तो थांबला की जेवणाची सुट्टी झाली असं समजून मी डबा उघडायचो. घड्याळ घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

घड्याळं साडूंकडं होती. ज्याचा माल जास्त त्याला मालक वर्षाच्या शेवटी भिंतीवरचं घड्याळ द्यायचे, आणि साडूंपेक्षा जास्त माल दुसऱ्या कुणाचा निघणं शक्य नव्हतं. त्यांच्या घरी खोलीगणिक घड्याळ, स्वयंपाकघरात दोन, आणि प्रत्येकाची वेळ स्वतःची. मेहुणी म्हणायची, "दाजी, आमच्याकडं कधीही या. कुठल्या ना कुठल्या खोलीत तुम्ही वेळेवरच आलेले असता."

बिजागऱ्या पिंपात भरायच्या. एक पिंप भरलं की दुसरं. आधी भिंतीपाशी पिंपांची रांग लागली, मग रांगेपुढं रांग, मग जिन्याखाली, मग जिन्यावर. जिना बंद झाल्यावर वरच्या मजल्यावरचे हिशेबनीस मागच्या बाजूनं शिडी लावून उतरू लागले. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही तक्रार केली नाही. मालकांना ती पिंपं बघून भरल्या घरात आल्यासारखं वाटायचं.

मग मालकांनी कपाटाचं दार बदललं. नवं दार पातळ पत्र्याचं, हलकं, दिसायला सुबक. जुनी बिजागरी त्याला बसेना. बसवली तर दार वाकायचं. म्हणजे जिन्यासकट सगळा माल भंगार. मालक एका पिंपावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. साडूंनी त्या दिवशीही आपलं पिंप भरलं, झाकण लावलं, आणि मालकांना उठवायला नको म्हणून ते त्यांच्या शेजारी ठेवलं.

त्यानंतर मॅडम आल्या. कारखाना सुधारायला म्हणून मालकांनी त्यांना आणलं होतं. वयानं माझ्या मुलीएवढ्या, आवाज हळू, पायात रबरी तळाचे बूट, त्यामुळं त्या पाठीमागं कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी जोडणी खात्यात खडूनं जमिनीवर एक वर्तुळ काढलं आणि त्यात जाऊन उभ्या राहिल्या. बोलणं नाही, हलणं नाही, नुसतं बघणं. दुपारपर्यंत सगळीकडं पसरलं की मालकांनी बाईंना शिक्षा केली आहे. साडूंना वाईट वाटलं. त्यांनी एक स्टूल नेऊन वर्तुळात ठेवलं. मॅडम म्हणाल्या, नको मामा, उभं राहिलं की नीट दिसतं. साडूंना वाटलं स्टूल पसंत पडलं नाही. त्यांनी दुसरं आणलं.

वर्तुळातून बाहेर आल्यावर मॅडमनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं ते असं. कारखान्याचं सगळ्यात मोठं नुकसान कशात, तर नको असताना केलेल्या मालात. बिघडलेला माल निदान डोळ्याला दिसतो. जादाचा माल कौतुकाच्या आड लपतो. त्यात पत्रा अडकतो, जागा अडकते, आणि काही चुकलं असेल तर ती चूकही पिंपाच्या तळाशी जाऊन निवांत बसते. म्हणून इथून पुढं पुढच्यानं मागितल्याशिवाय मागच्यानं करायचं नाही. मागायचं कसं, तर निळा ट्रे. जोडणीच्या टेबलावरचा नव्या, हलक्या बिजागऱ्यांचा ट्रे रिकामा झाला की तो साडूंकडं यायचा. त्यांनी तेवढाच भरून द्यायचा आणि थांबायचं. यंत्र चालू असेल तर त्याच्यावर हिरवा दिवा, ट्रेची वाट बघत असेल तर पिवळा. पिवळ्या दिव्याची लाज वाटून घेऊ नका, असं मॅडम पुन्हा पुन्हा बजावायच्या. पिवळा दिवा लागला म्हणजे आपण खरं बोलतोय एवढंच.

हे साडूंना पटलं होतं, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, ही म्हातारा माणूस आणि नवी बाई यांच्या भांडणाची गोष्ट आहे. भांडण नव्हतंच. पिंपं भंगारात गेली तेव्हा कारखान्याला जमीन आहे हे पहिल्यांदा कळलं. जिना सापडला. हिशेबनीस जिन्यानं खाली आले, पण सवय गेल्यामुळं कठडा धरून पाठमोरे उतरले. वॉचमनची हरवलेली सायकल पिंपांमागं निघाली. ती चोरली म्हणून तो ज्याच्याशी इतकी वर्षं बोलत नव्हता त्याला त्यानं चहा पाजला. सायकल माझ्याकडं दुरुस्तीला आली. बाकी सगळी गेली होती, घंटी तेवढी ठणठणीत होती.

मॅडमची आणखी एक पद्धत होती. काही बिघडलं की कामाच्या जागेवरच सगळ्यांनी उभं राहायचं आणि पाचदा 'का' विचारायचं. कुणाला दोष द्यायचा नाही, ओरडायचं नाही, फक्त का. चार का पृष्ठभागावरचे असतात, पाचवा मुळाशी नेतो, असं त्या म्हणायच्या. एकदा रंगखात्यातला दिवा सारखा जातो म्हणून का विचारायला घेतलं, तर चौथ्या का-ला दिवे मालकांच्या मेहुण्याच्या दुकानातून येतात असं निघालं. पाचवा का त्या दिवशी विचारला गेला नाही.

आता साडूंचं काय झालं ते बघा. ट्रे यायचा, साडू तो भरायचे, ट्रे जायचा, आणि पिवळा दिवा लागायचा. मग बसायचं. जन्मभर ज्या माणसाचा पाय हलत होता, त्याला आता दिव्याखाली पाय जुळवून बसायचं होतं. पहिले काही दिवस त्यांनी यंत्र पुसलं. मग तेल घातलं. मग शेजारच्या यंत्राला तेल घातलं. मग ज्यांना तेलाची गरज नव्हती अशा वस्तूंनाही घातलं. दोन माणसं खुर्चीवरून घसरल्यावर मॅडमनी तेलाचा डबा कपाटात ठेवला. जोडणीच्या टेबलावर बिजागऱ्या बसवणारी बाई होती, तिला सगळे फिटरताई म्हणायचे. तोंडाची तिखट. येता-जाता विचारायची, "मामा, तुमच्या दिव्याला कावीळ झालीय का हो?" साडू हसायचे, पण दिव्याकडं बघून हसायचे, तिच्याकडं नाही.

घरी गेल्यावर राहिलेलं काम ते घरावर काढायचे. मेहुणीनं एक कांदा चिरायला दिला तर टोपली रिकामी करायचे. ती म्हणाली, मी ट्रे पाठवला होता का? शेवटी तिनं माझ्याकडं धाव घेतली, की दाजी, रविवारचं तरी ह्यांना तुमच्या दुकानात नेऊन बसवा. बसवलं. मी चहा घेऊन येईपर्यंत साडूंनी दुकानातल्या यच्चयावत सायकलींत हवा भरली होती. त्यातल्या बऱ्याचशा ब्रेकसाठी आल्या होत्या. एक ट्यूब फुटली तेव्हा ते म्हणाले, बघा, कमजोर होती, वेळेवर कळलं.

महिना सरता सरता मॅडमनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. जोडणीचं टेबल वाढवायचं आहे आणि जागा नाही. ज्या यंत्रावर पिवळा दिवा सगळ्यात जास्त राहील ते यंत्र हलवायचं. तो माल बाहेर तयार मिळतो, रोज सकाळी गाडीनं येईल. यंत्रावरच्या माणसाला काढणार नाही, त्याला दुसरं काम देऊ. मॅडमनी यंत्राचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. दुसरं काम म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं. आधी एकाला दुसरं काम मिळालं होतं, तो बाहेर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ सांगायचा.

साडू त्या संध्याकाळी दुकानावर आले. फळीवर बसले. हवा भरायचा पंप समोर होता, पण हात लावला नाही. मला म्हणाले, प्रेस गेली तर जाऊ दे, लोखंड आहे. पण उद्या सकाळी मी फाटकातून आत शिरल्यावर कुठल्या बाजूला वळायचं, तेवढं कुणीतरी सांगायला पाहिजे. त्यांना प्रेस सोडवत नव्हती हे खरं, पण त्याहून जास्त त्यांना आपण कुणाला तरी लागतो की नाही हे कळायला हवं होतं, आणि ते सांगणारी वस्तू कारखान्यात एकच होती. निळा ट्रे.

आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रे यायला लागले. आधी दुपारी एक जादा, मग सकाळीही, मग ट्रेची ने-आण करणारा पोऱ्या भरलेला पोचवून परत फिरतो न फिरतो तोच दुसरा रिकामा दारात. पिवळा दिवा दिसेनासा झाला. माझ्या दुकानात पुन्हा ठोका ऐकू येऊ लागला, आणि मी पुन्हा त्याच्या भरवशावर डबा उघडू लागलो. साडूंची तब्येत सुधारली. घरी येऊन नुसते बसू लागले. कांदे वाचले. मेहुणीला सांगायचे, कपाटं फार खपतायत, सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. मेहुणी म्हणाली, कोण घेतंय एवढी कपाटं, गल्लीत तर एकही आलेलं दिसत नाही. साडू म्हणाले, बाहेरगावी जात असतील.

मॅडमना मात्र कोडं पडलं. कपाटं बाहेर पडत होती तेवढीच, आणि बिजागऱ्या मात्र जास्त लागत होत्या. म्हणजे एकतर कपाटांना नको तिथं बिजागऱ्या बसत होत्या, किंवा कुणी घरी नेत होतं. फाटकावर पिशव्या तपासल्या. पिशव्यांत डब्यांशिवाय काही निघालं नाही. एकाच्या पिशवीत दुसऱ्याचा डबा निघाला, ते प्रकरण वेगळं. मग मॅडमनी पुन्हा खडू घेतला आणि वर्तुळ काढून उभ्या राहिल्या. पण मॅडम वर्तुळात आहेत म्हटल्यावर कारखान्यात सगळं वर्तुळातून बघण्यासारखंच चालायचं.

हे सगळं उलगडलं त्या दिवशी मी आतच होतो. मॅडमच्या नव्या पद्धतीत सगळ्या टेबलांना आणि ट्रॉल्यांना चाकं लावली होती, आणि चाकं कुरकुरली की मला बोलावणं यायचं. मी जोडणीच्या टेबलाखाली पाना घेऊन आडवा झालो होतो. मॅडम फिटरताईला दाराची कड कशी धरावी ते दाखवत होत्या आणि दाखवता दाखवता पत्र्यानं त्यांचंच बोट कापलं. फार नाही, पण रक्त आलं. साडू स्टुलावरून उठले आणि भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीकडं धावले. फिटरताई ओरडली, मामा, ती पेटी नको, मी घरून कापूस आणलाय. पण साडूंचा हात पोचला होता.

पेटीचं दार उघडलं आणि बिजागऱ्या खाली कोसळल्या. पहिल्या पडल्या, मग थांबतील असं वाटलं, मग आणखी पडल्या. शेवटी एक पट्टीचं बंडल आलं, तेही त्यांच्यावर मऊ पडलं. साडूंनी वाकून एक बिजागरी उचलली, उजेडात फिरवली. ह्याच आठवड्यातली होती. त्यांना त्यांची बिजागरी ओळखायला वेळ लागत नसे. त्यांनी ती खिशात घातली, पट्टी उचलली, आणि काही न बोलता मॅडमच्या बोटाला बांधायला घेतली.

मॅडमनी दुसरा हात वर केला. पद्धत म्हणजे पद्धत. सगळे गोळा झाले. मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं.

"बिजागऱ्या पेटीत का?" मॅडमनी विचारलं.

फिटरताईनं हात ॲप्रनला पुसले. "रंगाच्या रिकाम्या डब्यांत जागा उरली नाही म्हणून."

"डब्यांत का ठेवल्या?"

"लागतात त्याच्या दुप्पट मागवल्या. टेबलावर कुठं ठेवणार?"

"का मागवल्या?"

वेल्डर मागून म्हणाला की मॅडम, तिच्या एकटीच्या नाहीत, पंख्याच्या वर ठेवलेल्या माझ्या आहेत. त्यावर सगळ्यांनी वर बघितलं आणि पंख्याखालचे लोक बाजूला सरकले. मग एकेक कबुली येऊ लागली. कुणी सूचनापेटीत टाकल्या होत्या, कुणी गणवेशाच्या कपाटात बुटांत. ती सूचनापेटी जड लागते म्हणून मॅडम मनातून खूश होत्या, असं नंतर कळलं. साडू पट्टी गुंडाळत होते.

"दिवा पिवळा राहायचा," ताई शेवटी म्हणाली. "सांगते मॅडम, मी रोज चेष्टा करायची त्यांची. आणि यंत्र हलवणार म्हणालात त्या दिवशी मामांनी माझ्या चेष्टेवर हसायचं सोडलं. मग मी ट्रे रिकामा करून पाठवला. बाकीच्यांनी बघितलं, त्यांनीही माझ्याच टेबलावरचा रिकामा करून पाठवला."

मॅडमना आतापर्यंत यंत्राचं मूळ सापडायचं, माणसाचं सापडलं की पुढं काय करायचं ते बहुधा शिकवलेलं नसावं. एवढंच म्हणाल्या की यंत्र जाण्याची भीती वाटत होती तर हे सगळं मला का कुणी सांगितलं नाही. तो चौथा.

पाचवा साडूंनी विचारला. मॅडमकडं नाही, फिटरताईकडं बघून, अगदी हळू.

"आणि मला का नाही सांगितलं, पोरी?"

"कसं सांगणार मामा," ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच तिखट नव्हता. "तुम्ही ट्रे घेऊन येणाऱ्याला रोज शाबासकी द्यायचात. नको आहेत हे तुमच्या तोंडावर कोण म्हणणार होतं?"

साडूंनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवली. तोवर मॅडमच्या बोटाची पट्टी मनगटापर्यंत आली होती आणि बंडल संपायला आलं होतं. मॅडमनी हळूच हात काढून घेतला. कुणाला दोष द्यायचा नाही हा नियम होता, आणि तो मोडावा असं त्यांनाही वाटत नव्हतं. त्या म्हणाल्या, मामा, प्रेस हलवावी लागेल, त्यात मी खोटं बोलणार नाही. पण टेबल वाढलं की ताईंना एकटीला बिजागऱ्या बसवणं जमणार नाही. तुम्ही त्यांच्यासमोर बसा. ट्रे कधी पाठवायचा आणि कधी नाही, हे तिथं बसणाराच ठरवतो. दार कसं लटकतं, बिजागरी कुठं अडते, हे तुम्ही कधी बघितलेलं नाही, तेही बघाल. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, चालेल का तुम्हाला.

साडूंनी प्रेसकडं बघितलं. तिच्यावर पिवळा दिवा लागला होता. खिशातली बिजागरी काढून त्यांनी ताईच्या टेबलावर ठेवली, समोरचं स्टूल पायानं ओढलं आणि त्यावर बसले.

"चालेल. पण आधी ह्या लपवलेल्या सगळ्या बाहेर काढा, त्याच बसवू. आणि त्या संपेपर्यंत प्रेसवरच्या बिजागरीवाल्यानं एकही करायची नाही, हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगा. मी ओळखतो त्याला, नुसत्या दिव्यानं कळायचं नाही."